पडद्यावरचे १२७ अंश

बीड जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञानशिक्षकांनी सुटे भाग आणून एक संगणक स्वतः जोडला होता. आतील तापमान दाखवणारा प्रोग्रॅमही त्यात घातला होता. एप्रिलमधील एका दुपारी मी तेथे गेलो, तेव्हा पडद्यावर तीन आकडे दिसत होते: प्रोसेसर ५८, मदरबोर्ड ३४ आणि नाव नसलेल्या एका संवेदकाचे १२७ अंश सेल्सिअस. यातील शेवटचा आकडा पाहून मुख्याध्यापकांनी दुपारचे संगणकाचे तास बंद केले होते.

भिंतीवरच्या तापमापीत खोलीचे तापमान ३९ अंश होते. ते पाहूनही कोणाला प्रश्न पडला नाही, याचे मला नवल वाटले.

प्रथम १२७ घेऊ. आठ द्विमान अंकांत चिन्हासह लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या १२७ असते. ज्या जागी संवेदक जोडलेलाच नाही, तेथून पुष्कळदा असा टोकाचा आकडा येतो. हे तापमान नसून रिकाम्या जागेची खूण आहे. मदरबोर्ड खरोखर इतका तापला असता तर वास आधी आला असता!

मला अधिक धोक्याचा वाटला तो ३४. केवळ पंख्याच्या हवेने थंड होणारी चालू वस्तू खोलीतील हवेपेक्षा पाच अंश थंड कशी असेल? उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, हे आपण सातवी-आठवीपासून शिकवतो. मदरबोर्डवर बहुधा थर्मिस्टर असतो. तापमानानुसार त्याचा रोध बदलतो आणि त्या रोधावरून प्रोग्रॅम अंश काढतो. सूत्र दुसऱ्याच मदरबोर्डचे असले तर उत्तर चुकते. भीतीदायक आकड्याने निदान धावपळ तरी झाली. सोयीच्या आकड्यावर मात्र सर्वांनी निमूट विश्वास ठेवला.

राहिला ५८. तो शक्य आहे, पण तोही जपूनच घ्यावा. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांतील संवेदक थेट तापमान सांगत नाही, तर कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच सांगतो. 'कोअर २' प्रोसेसरांच्या काळात ही मर्यादा प्रोग्रॅम लिहिणारे अंदाजाने धरत. इंटेलने ते आकडे २००८ साली जाहीर केले. एएमडीच्या २०१७ मधील रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांत पंख्याचे नियंत्रण सर्वत्र सारखे राहावे म्हणून दाखवायचा आकडा मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला होता. म्हणजे ६० वाचावे आणि खरे ४० असावे! प्रोग्रॅमांवर माझा आक्षेप हाच आहे की मोजलेले, गृहीत धरलेले आणि निरर्थक असे तिन्ही आकडे ते एकाच अक्षरात, एकाच थाटात छापतात.

मग पडताळणी कशी करावी? आधी तापमापीच तपासावी. प्रयोगशाळेतील तापमापी कुटलेल्या, पाझरत्या बर्फात ० दाखवते का ते पाहावे. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. विद्यार्थ्याच्या वहीत नेमके १०० लिहिलेले असेल, तर तो आकडा पुस्तकातून आला आहे, तापमापीवरून नव्हे.

नंतर संगणक रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करताच आकडे टिपावेत. ते सारे खोलीच्या तापमानाजवळ हवेत. प्रोसेसर तेवढा काही अंश वर असेल. पुढे प्रोसेसरला जड काम द्यावे. खरा आकडा काही सेकंदांत चढतो आणि काम थांबताच उतरतो. खोटा जागचा हलत नाही. धातूच्या चकचकीत पट्ट्यांवर अवरक्त तापमापी रोखून मात्र काही साधत नाही. असा पृष्ठभाग फार कमी प्रारण सोडतो, म्हणून आकडा चुकतो.

त्या शाळेत मुलांनी हे केले. सकाळी खोलीत २९ अंश असताना मदरबोर्डचा आकडा २० आला, म्हणजे नऊ अंश कमी. तेवढी दुरुस्ती केली तर दुपारचे ३४ खरे ४३ ठरतात, आणि ते पटण्याजोगे आहे. अर्थात एका तापमानाला काढलेली दुरुस्ती सर्वत्र तीच राहील असे नाही. १२७ मात्र पहाटेही १२७ च होते! पंख्यावरची धूळ झाडून दुपारचे तास पुन्हा सुरू झाले. मर्यादा गाठली तर आजचे प्रोसेसर आधी वेग कमी करतात आणि शेवटी स्वतःच बंद पडतात.

ही चूक शाळेपुरती नाही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याला तो आकडा संवेदकाच्या बिघाडामुळे आल्याचे सांगावे लागले. शेजारच्या तापमापीकडे पाहण्याआधीच तो आकडा घरोघर पोचला होता.

आपल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'निष्कर्ष' असे रकाने असतात. त्यांच्यामध्ये 'हा आकडा खरा कशावरून?' असा एक रकाना आखून घ्यायला हरकत नाही.