न वाढणारी, पण न मरणारी पेशी : एका तीनपानी निबंधाचे पुनर्वाचन

'कर्करोग म्हणजे पेशींचे अनियंत्रित विभाजन.' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुणही देतो. काही वर्षांपूर्वी बारावीच्या एका विद्यार्थिनीने या वाक्यावर बोट ठेवले. तिच्या आजोबांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला होता आणि डॉक्टरांनी सांगितले होते, "सध्या औषध नको, ठरावीक काळाने रक्त तपासत राहू." ती म्हणाली, "सर, पेशी बेसुमार वाढत असतील तर डॉक्टर थांबतात कसे? घरात सगळ्यांना वाटतेय, त्यांनी आशाच सोडली."

तिच्या शंकेचे उत्तर व्याख्येत नव्हते. ते सापडते एका जुन्या निबंधात. डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स या मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतील संशोधकांनी तो 'नेचर' साप्ताहिकात सप्टेंबर १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. निबंध अवघा तीन पानांचा आहे. त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही शिक्षकांनी पाहण्याजोग्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांच्या रोगट पेशींत १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. फिलाडेल्फियात योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी १९८४-८५ च्या सुमारास १८ व्या गुणसूत्रावरच्या त्या तुटीपाशी एक जनुक शोधले. त्याचे नाव बीसीएल-२. अदलाबदलीनंतर हे जनुक प्रतिपिंडे बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी येते. बी-लसिकापेशींत हा शेजारी सतत कामात असतो, म्हणून बीसीएल-२ सुद्धा सतत चालू राहते. तोपर्यंत माहीत असलेली कर्कजनुके प्रामुख्याने पेशीला विभाजनाकडे ढकलणारी होती. हेही त्याच जातीचे असेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

मेलबर्नच्या संशोधकांनी मानवी बीसीएल-२ जनुक विषाणूमार्फत उंदरांच्या पेशींत घातले. यांपैकी काही पेशी इंटरल्युकिन-३ या वाढघटकावर जगणाऱ्या होत्या. तो काढून घेतला की अशा पेशी मरतात. बीसीएल-२ मिळालेल्या पेशी मात्र मेल्या नाहीत. आणि निबंधाचा गाभा पुढेच आहे : त्या वाढल्याही नाहीत. विभाजन थांबवून त्या नुसत्या जिवंत राहिल्या.

सामान्य संशोधकाला हा निकाल अर्धवट वाटला असता, कारण कर्कजनुक घातले आणि पेशी वाढल्या नाहीत. या तिघांनी मात्र तोच निष्कर्ष मानला. जगण्याचा संदेश आणि वाढीचा संदेश हे दोन वेगळे संदेश आहेत, असे त्यांनी मांडले. निबंधाचे शीर्षकही हा फरक पाळते. बीसीएल-२ एकटे असता ते पेशीला 'तगवते'. 'अमर' करते ते मायक या दुसऱ्या जनुकाच्या साथीने. दोन क्रियापदांची गल्लत झालेली नाही. मायक पेशीला विभाजनाकडे ढकलते आणि बीसीएल-२ तिला मरू देत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर वाढलेल्या पेशींपैकी काहींनी गाठी निर्माण केल्या. न मरणारी पेशी दुसरा बिघाड होईपर्यंत वाट पाहत टिकून राहते, हा त्यांचा तर्क होता.

आता उणिवा. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीत नेमके काय करते, याचे उत्तर या निबंधात नाही. दुसरे असे की मायकची जोडी इतकी ठसठशीत दिसते की वाचक तिलाच नियम समजतो. लेखकांनी मायकचे नाव केवळ उदाहरण म्हणून घेतले होते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या रुग्णांत दुसरा बिघाड बहुधा मायकचा नसतो. केएमटी२डी, क्रेबीबीपी अशी इतर जनुके बिघडलेली आढळतात. उंदराचा पुरावा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

पहिली उणीव पुढच्या संशोधनाने भरून काढली. बीसीएल-२ तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावर असते. बॅक्स आणि बॅक ही त्याच कुळातील प्रथिने त्या पटलाला छिद्रे पाडू शकतात. छिद्रे पडली की सायटोक्रोम-सी बाहेर येते, कॅस्पेज नावाची विकरे कार्यरत होतात आणि पेशीचे घटक कापले जातात. बिम, प्यूमा ही प्रथिने मृत्यूचा निरोप आणतात आणि बीसीएल-२ त्यांना धरून ठेवते. निरोपे जास्त की धरणारे जास्त, यावर पेशीचे भवितव्य ठरते. मानवी बीसीएल-२ सूत्रकृमीच्या पेशींचा मृत्यूही रोखू शकते, हे वॉ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले. ही यंत्रणा किती प्राचीन आहे, हे त्यावरून कळते.

या प्रक्रियेला आपण सर्रास 'पेशींची आत्महत्या' म्हणतो. हा शब्द मला दोन कारणांनी खटकतो. पेशीला इच्छा नसते. तिथे असतो तो प्रथिनांचा तोल. शिवाय वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे, हे आपल्याला माहीत नसते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये 'अ‍ॅपॉप्टॉसिस' हा शब्द सुचवला तो ग्रीकमधील पाने-पाकळ्या गळण्याच्या अर्थाने. आपल्याकडे 'पानगळ' हा नेमका शब्द आहे. पान गळण्याआधी देठाशी वेगळा थर तयार होतो. झाडच ती तयारी करते. उपमा ताणू नये हे खरे, कारण मेलेल्या पेशीला शेजारच्या पेशी गिळून टाकतात. पण रक्तात रोज अब्जावधी पेशी जन्मतात आणि तितक्याच जातात, हे सांगायला ती पुरेशी आहे.

त्या आजोबांच्या रोगात गुणसूत्रांची ही अदलाबदल सहसा नसते. पुष्कळ रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळलेला असतो. बीसीएल-२ ला लगाम घालणारे दोन सूक्ष्म आरएनए त्यावर असतात. वाट वेगळी, परिणाम तोच : पेशी मरत नाहीत आणि साचत जातात. विभाजन होतच नाही असे नव्हे. पण साठा वाढण्यात न मरण्याचाही मोठा वाटा असतो. म्हणून काही रुग्णांत रोग वर्षानुवर्षे संथ राहतो आणि लवकर औषध देऊन फायदा होतोच असे नाही.

आणि औषध लागलेच, तर या विचाराची कसोटी तिथे झाली आहे. वेनेटोक्लॅक्स हे बीसीएल-२ च्या खाचेत बसते, अडकलेले बिम सुटते आणि पेशी मरते. अमेरिकेत २०१६ मध्ये या रोगाच्या काही रुग्णांसाठी ते मान्य झाले. पेशी एकदम मेल्या तर त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, म्हणून मात्रा २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात. अर्थात विजय पूर्ण नाही. काही रुग्णांत बीसीएल-२ चे १०१ वे अमिनो आम्ल बदलते आणि औषधाची पकड सुटते. काहींत एमसीएल-१ हे भावंड पहारा हाती घेते.

त्या मुलीला मी नंतर एवढेच सांगितले की डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, आपली व्याख्या अपुरी आहे. तेव्हापासून फळ्यावर मी थोडे लांब वाक्य लिहितो : 'कर्करोग म्हणजे पेशींच्या जन्म-मृत्यूचा बिघडलेला हिशेब.' उत्तरपत्रिकेत मुलांनी कोणते वाक्य लिहायचे, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.