वल्लीला वेळ द्या

विक्षिप्त माणूस एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभा करणं ही मराठीची खास कमाई आहे. ती कला आज लोकप्रिय आहे, पण तिचा दम आखूड झाला आहे, आणि ही काळजीची गोष्ट आहे.

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केलं आणि मराठवाड्यातलं अख्खं लग्नघर एकट्यानं विमानात बसवलं. पात्रं ५२, आणि प्रयोग जवळजवळ तीन तासांचा! त्यात आवाज बदलणं सोपं. प्रत्येकाचा हट्ट वेगळा, भीती वेगळी, मोठेपणाची हौस वेगळी, हे शेवटपर्यंत सांभाळणं अवघड. प्रेक्षक त्या माणसांच्या भाबडेपणावर पोट धरून हसत, पण त्यांना कमी लेखत नसत. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे संदीप पाठक यांनी तेच वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणलं. म्हणजे पात्रं नटामागे उरली.

दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ या नाटकात सहा भूमिका केल्या. त्यांतले कृष्णराव हेरंबकर आठवा. संगीत नाटकाचा काळ पाहिलेला हा थकलेला नट मुलाखत देतो, आठवणींत वाट चुकतो, पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. आधी आपण त्याच्या लकबींना हसतो आणि मग त्याच लकबींमागचं उभं आयुष्य दिसू लागतं. या पायरीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

तो वेळ आज कुणी देत नाही. टीव्हीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधली नम्रता संभेराव यांची लॉली बघा. केवढी ऊर्जा, केवढी शारीरिक समज! पण स्किट काही मिनिटांचं. लॉली आली की टाळ्या, ठरलेली लकब दिसली की पुन्हा टाळ्या. घरी गेल्यावर ही बाई काय करते, हे विचारायची उसंत लेखकालाच नाही. नटी कमी पडत नाही, साचा अपुरा पडतो. स्टँडअपवाल्या तरुणांचं उलटं आहे. त्यांच्याकडे सलग तासभर असतो, पण बहुतेक जण स्वतःबद्दलच बोलतात: आईबाबा, नोकरी, भाड्याची खोली. त्या तासात दुसरा माणूस शिरत नाही.

आगरी बोलणाऱ्या पेण-रोहा पट्ट्याकडे बघताना हे जास्त खटकतं. विनायक माळींच्या व्हिडिओंनी आगरी बोलीला मोठा प्रेक्षक मिळवून दिला, हे मोलाचं काम आहे. एरवी नकलाकारांची आगरी ‘गाडी’ची ‘गारी’ केली की संपते. त्या बोलण्यातला ठसका आणि समोरच्याला तोंडावर सुनावण्याची धमक त्यांना पकडता येत नाही.

आणि ऐवज तर रस्त्यावर पडला आहे. याच पट्ट्यातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं रखडलेलं चौपदरीकरण पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर अशा टप्प्यांत विभागलं गेलं. या दोन टप्प्यांच्या सांध्यावर, कासूला राहणारा, प्रत्येक खड्ड्याचा इतिहास तोंडपाठ असलेला, गणपतीत गावी निघालेल्या चाकरमान्यांना न विचारता वाट सांगणारा एखादा आगरी म्हातारा कुणीतरी लिहावा. त्याचं घर, त्याची भातशेती, त्याचे जुने वाद, सगळं त्यात यावं. आणि पहिला प्रयोग पेणला व्हावा, बोलीतली खोट पहिल्या वाक्याला पकडणाऱ्या लोकांसमोर.