भिंगाची परीक्षा, मुक्काम लालबाग

गिरगावात दोन माणसं लेन्सवर बोलू लागली की तिसऱ्याने हळूच चपला पायात सरकवाव्यात. एक निकॉनवाला, दुसरा कॅननवाला. दोघांच्याही तोंडी परदेशी परीक्षणं. त्यांत म्हणे बारीक रेघांचा तक्ता भिंतीवर लावतात, कॅमेरा स्टँडवर आवळतात आणि कोणाची लेन्स एका मिलिमीटरात किती रेघा सुट्या दाखवते ते मोजतात. या परीक्षेबद्दल मला आदर आहे. फक्त रेघा हलत नाहीत, रेघा गुलाल उधळत नाहीत आणि रेघांना जावई नसतो.

जावयाचं असं, की बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. भिंतीला पाठ टेकून दहा फुटांवर कुटुंब उभं केलं, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये आडवे सव्वासात फूट मावतात. रशियन झेनिटबरोबर येणारी हेलिऑस ५८ मिलिमीटरची. तिच्यात मावतात सव्वासहा. फरक फुटाचा, म्हणजे बरोबर एक जावई! एरवी ही लेन्स गुणी. जर्मन झाइसच्या बायोटारवर बेतलेली, चेहरा मधोमध छान उठवणारी. मागची झाडंपानं ती गोल गोल भिरभिरल्यासारखी दाखवते, याचं शौकिनांना कोण कौतुक! पण परळच्या खोलीत मागे झाडंपानं नसतात, दोरीवर परकर असतात. ते भिरभिरलेले कोणाला हवेत?

काचेपेक्षा हाताळणीचा मामला मला जास्त गंभीर वाटतो. निकॉन आणि पेंटॅक्स यांची फोकसची कडी एका दिशेला फिरते. कॅनन, मिनोल्टा, ऑलिम्पस यांची नेमकी उलट. दहा वर्षं निकॉन वापरलेल्या माणसाच्या हाती ऐन मंगलाष्टकांत कॅनन द्या. अंतरपाट दूर होतो, हार पडतात, आणि याचा नवरदेव अजून धुक्यात. दादर स्टेशनात नव्हते का, पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा? तो घोळ रेल्वेने डिसेंबर २०२३ मध्ये मिटवला. या कंपन्यांच्या जुन्या लेन्स मात्र अजून एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. निकॉनच्या बाजूने एवढं म्हणेन, की १९५९ सालची जोडणी त्यांनी थोडेफार फेरफार करत का होईना, दशकानुदशकं सांभाळली. कॅननने १९८७ साली ती साफ बदलली आणि काकाची लेन्स पुतण्याच्या कॅमेऱ्याला बसेना. नव्या जोडणीने काम झपाट्याने होऊ लागलं हे खरं, पण चाळीत वस्तू वारशाने येतात, त्याचं काय?

विसर्जनाच्या गर्दीत मात्र माझं मत याशिका मॅटला. दोन डोळ्यांचा डबा, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. आत डावं ते उजवं दिसतं, मूर्ती लालबागला चाललीय की परत येतेय कळत नाही. पण हाच डबा डोक्यावर उलटा धरला की खालून मान वर करून काचेत सगळी मिरवणूक बघता येते. निकॉनवाला तेवढ्यात पुढच्याच्या टकलाचा अत्यंत रेखीव फोटो काढतो.

मग गुलाल. तो कडीच्या पेचात शिरला की जर्मन असो वा जपानी, लेन्स जात्यासारखी करकरते. त्याच्याही आधी पावसाळा येऊन गेलेला असतो. समुद्राची दमट हवा, कपाटात कोंडलेली चामडी केस, आणि सप्टेंबरात आत बघावं तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती काचेवरचा लेपच खाते, आणि खाताना देश विचारत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, यांचे गुण मी कुठल्याही परदेशी तक्त्यापेक्षा वर धरतो.

आपल्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीला फोकसची कडीच नव्हती, त्यामुळे गुलालाला अडकायला जागाही नव्हती. बारा चौकोनी फोटो, सगळे जरा मऊ. दाखवायच्या मुलीच्या फोटोला हा मऊपणा इतका मानवायचा, की त्या भिंगाने किती लग्नं जमवली असतील देव जाणे. तीच मुलगी उत्तम लेन्सखाली बसवली असती, तर पुटकुळ्यांचीही जनगणना झाली असती.

आता झाइस आणि लायका ही नावं मोबाईलच्या पाठीवर आलीत. आमच्या मजल्यावर नवे दोन पक्ष पडलेत. मोबाईलच्या रुंद लेन्समध्ये दहा फुटांवरून सगळं कुटुंब मावतं, जावयासकट. फक्त कडेला उभा राहिला की तो दीडपट रुंद दिसतो, म्हणून आता मधे कोणी उभं राहायचं यावर भांडण आहे.