सूक्ष्मदर्शकात दिसलं म्हणजे ओळख पटली का?

एम.एस्सी.च्या डेझर्टेशनमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: सूक्ष्मदर्शक आणि 'बर्जीज मॅन्युअल'च्या आधारे जिवाणूची ओळख पटवली. माझ्याही डेझर्टेशनमध्ये ते होतं. धाराशिवजवळच्या शेतातली माती, त्यातून मिळालेला ग्राम पॉझिटिव्ह, दंडाकार, बीजाणू तयार करणारा जिवाणू. 'बॅसिलस सबटिलिस' लिहून मी मोकळी झाले. व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, "सबटिलिसच कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक सूक्ष्मदर्शकाची नव्हती. ऑइल इमर्शनखाली आकार, मांडणी आणि रंग दिसतो. १८८४ ची ग्राम स्टेनिंग पद्धत पेशीभित्तिकेबद्दल सांगते, नात्याबद्दल नाही. आपण वापरतो ती 'बर्जीज'ची १९९४ ची नववी आवृत्तीसुद्धा तपासता येणाऱ्या गुणधर्मांवरच गट पाडते. उत्क्रांतीतलं नातं दाखवणं हा तिचा हेतूच नाही. म्हणजे पुस्तक बरोबर आहे, आपण त्याच्याकडून नको ते वदवून घेतो.

लोणारचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा शैवालाचाही अंदाज बांधला गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे मीठ मानवणारे आर्किया. हे जिवाणू नव्हेतच. पण सूक्ष्मदर्शकाखाली यातले अनेक साध्या दंडाकार जिवाणूंसारखेच दिसतात. त्यात गंमत अशी, की अतिखारट पाण्यातल्या कित्येक हॅलोआर्कियांच्या पेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये फुटतात. नेहमीसारखा स्मिअर केला तर स्लाइडवर धड काही उरतच नाही! आर्किया हा वेगळा गट आहे हे १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांना कळलं, तेही आरआरएनएच्या तुलनेतून.

मग '१६एस' केलं की झालं? तेही नाही. सबटिलिस आणि त्याच्या जवळच्या जातींचे १६एस जनुक ९९ टक्क्यांहून जास्त जुळतात. तिथे 'जायरेझ बी'सारखं दुसरं जनुक किंवा पूर्ण जीनोम पाहावा लागतो.

गावाकडच्या कॉलेजात सिक्वेन्सिंगचा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे. पण 'बॅसिलस एसपी.' लिहायला पैसे लागत नाहीत. जेवढा पुरावा, तेवढंच नाव. व्हायव्हात त्याचं उत्तर तरी देता येतं.