‘मातांमध्ये माहितीचा अभाव’: हा निष्कर्ष वाचताना कुठे थांबायचं?

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेल्या अनेकांचा एक विषय ठरलेला असतो: ‘अमुक तालुक्यातील मातांचे ज्ञान, आहारपद्धती आणि बालकांचे कुपोषण’. शे-दोनशे मातांना प्रश्नावली, बाळांचं वजन-उंची, मग काय-स्क्वेअर चाचणी. शेवटी शिफारस: मातांचे समुपदेशन करावे. आज या साच्याचीच जरा उलटतपासणी करू.

यात खरं काय आहे ते आधी बघा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग दुधासोबत वरचा आहार, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पक्क्या पुराव्यावर उभी आहे. वरणाऐवजी नुसतं वरणाचं पाणी पाजलं तर बाळाचं पोट भरतं, पण उष्मांक मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की देशात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ११.३ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत; २०१५-१६ मध्ये हाच आकडा ३४.४ होता. म्हणजे प्रश्न गंभीर आहेच. अडचण आहे ती कारण शोधण्याच्या पद्धतीत.

आता हा साचा धाराशिव जिल्ह्यात लावून बघा. २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला हा दुष्काळी जिल्हा. इथली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मजुरी ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर गावाकडे आजीपाशी.

इथे तीन प्रश्न विचारा.

पहिला: भरवतं कोण? ‘बाळाला दिवसातून किती वेळा भरवावं?’ याचं उत्तर आई बरोबर देईलही. पण पहाटेपासून तोड आणि नंतर मोळ्या वाहून गाडी भरणं, यात तेवढ्या वेळा भरवायला हात मोकळे कुणाचे? प्रश्नावली माहिती मोजते, वेळ मोजत नाही. आणि भरवणारी आजी असेल, तर तुम्ही मुलाखत घेतली कुणाची?

दुसरा: मोजलं कधी? आहाराची विविधता बहुतेक वेळा ‘काल दिवसभरात काय खाल्लं’ यावरून ठरते. हा प्रश्न ऑगस्टमध्ये गावात विचारलात तर जानेवारीतला फड दिसणार नाही. जानेवारीत गावात गेलात तर नेमकी तीच घरं कुलूपबंद असतात आणि नमुन्यातून गळतात.

तिसरा: बाण कुठल्या दिशेला? १९९७ मध्ये ग्रेस मार्क्विस आणि सहकाऱ्यांचा पेरूमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. तो जरूर वाचा. दुसऱ्या वर्षातही अंगावर पिणारी काही बाळं वाढीत मागे दिसत होती. वरवर बघता दोष दुधाचा वाटला असता. प्रत्यक्षात बाळ अशक्त, आजारी म्हणूनच आया दूध तोडत नव्हत्या. एकाच भेटीत केलेल्या क्रॉस-सेक्शनल अभ्यासात ही उलटी दिशा सहज लपते.

युनिसेफने १९९० मध्येच कारणांची उतरंड मांडली होती: वरती अपुरा आहार आणि आजार, त्याखाली घरातली अन्नसुरक्षा, माता-बालकांची काळजी, आरोग्यसेवा आणि स्वच्छता, तळाशी आर्थिक-सामाजिक रचना. आपले प्रस्ताव मधल्या ‘काळजी’वर बोट ठेवतात आणि तिथेच थांबतात.

याचा अर्थ समुपदेशन निरुपयोगी असा नाही. पण सगळा दोष आईच्या डोक्यात शोधला की मजुरीची पद्धत, फडावर नसलेली अंगणवाडी, सगळे निर्दोष सुटतात. तुमच्या प्रबंधाची शिफारस उद्या कुणाच्या तरी योजनेत जाऊ शकते. म्हणून प्रश्नावलीत तीन रकाने वाढवा: काल बाळाला कुणी भरवलं, आई किती तास कामावर होती, गेल्या वर्षी कुटुंब किती महिने गावाबाहेर होतं. काय-स्क्वेअर त्यानंतर.