साडेचार कोटी पिक्सेल कशासाठी?

जुन्या कागदांचे फोटो काढायची वेळ आली की पहिला मोह होतो तो नव्या कॅमेऱ्याचा. मलाही झाला. माझ्याकडे वापरलेला निकॉन डी७०० आहे, २००८ सालचा, १२ मेगापिक्सेलचा. मोडी कागदांचे फोटो कडांना धूसर येत होते, म्हणून ४५ मेगापिक्सेलच्या डी८५०साठी मी कंटिन्जन्सीतून पैसे मागणारा अर्ज लिहिला. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "कुठलं अक्षर लागत नाहीये ते दाखव." मला दाखवता आलं नाही.

त्या अर्जाची आज चिरफाड करते, कारण त्यातलं एक वाक्य उद्या तुमच्या प्रस्तावातही येईल: 'उच्च रिझोल्यूशनमुळे वाचन अधिक अचूक होईल.'

पहिली चूक हिशोबाची. 'जवळजवळ चौपट तपशील' असं मी लिहिलं होतं. पण पिक्सेल लांबी आणि रुंदी दोन्हीकडे वाटले जातात. डी७००चं चित्र ४२५६ × २८३२, डी८५०चं ८२५६ × ५५०४. म्हणजे एका रेघेवर दुप्पटही नाहीत, १.९४ पट.

दुसरी चूक त्याहून मोठी: कागद केवढा, हे अर्जात कुठेच नव्हतं. कागदपत्रांसाठी साधारण ३०० ते ४०० पीपीआय, म्हणजे एका इंचात तेवढे पिक्सेल, पुरेसे धरतात. ए४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. त्यावर डी७०० सुमारे ३४० पीपीआय देतो. बाजूला मोजपट्टी ठेवली की ३००च्या आसपास. बोरूची अर्ध्या मिलिमीटरची रेघ तिथे सहा पिक्सेल जाड दिसते. वाचायला आणखी काय हवं? ए३ कागदावर मात्र हाच कॅमेरा २४०वर येतो, आणि तिथे डी८५० ४७० देतो. म्हणजे गरज खरी होती, पण फक्त मोठ्या कागदांपुरती.

तिसरी चूक म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच. कडा धूसर होत्या कारण कॅमेरा कागदाला समांतर नव्हता. ते झाकायला मी छिद्र एफ/१६पर्यंत बारीक केलं होतं. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि एका बिंदूचा सेन्सरवर सुमारे २१ मायक्रॉनचा ठिपका होतो. डी८५०चा एक पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा. म्हणजे एक ठिपका जवळजवळ पाच पिक्सेलवर! बघा, नवा कॅमेरा घेऊन मी तीच धूसरता जास्त पिक्सेलमध्ये साठवली असती. मग पाणसळ लावून कॅमेरा सरळ केला, संग्रहाच्या परवानगीने कागदाच्या कडांवर मऊ वजनं ठेवली, छिद्र एफ/८ केलं आणि बटण दाबण्याऐवजी टायमर वापरला. जुन्याच कॅमेऱ्यात कडा स्वच्छ आल्या.

साठवणुकीचा खर्च तर मी धरलाच नव्हता. १६-बिट टिफमध्ये डी७००चं एक पान ७२ एमबी, डी८५०चं २७२ एमबी. हजार पानं, वर एक बॅकअप, म्हणजे अर्ध्या टीबीच्या पुढे.

मग जास्त रिझोल्यूशन कधीच मागू नये का? तसं नाही. नकाशे, लघुचित्रं, मोठे ताव यांना ते लागतं. आणि कागद इतका ठिसूळ असेल की पुन्हा उलगडता येणार नाही, तर उद्याच्या संशोधकाचे प्रश्न आपल्याला माहीत नाहीत म्हणून आजच्या गरजेपेक्षा जास्त टिपून ठेवणं ही जबाबदारीच आहे. माझ्या अर्जात हा मुद्दा नव्हता, आणि खरं तर तोच सगळ्यात भक्कम होता.

तेव्हा अर्ज लिहिण्याआधी सगळ्यात मोठा कागद मोजा. त्यावरची सगळ्यात बारीक रेघ मोजा. मोजपट्टीचा फोटो काढून चारही कोपऱ्यांत मिलिमीटरच्या खुणा सुट्या दिसतात का ते पाहा. त्यानंतरही अक्षर लागत नसेल, तर तेच अक्षर अर्जाला जोडा.

मी कागद मोजले तेव्हा ए३चे फक्त अकरा निघाले. नव्या अर्जात मी स्टँड आणि दोन दिवे मागितले, आणि त्या अकरा कागदांसाठी दोन दिवसांचं कॅमेऱ्याचं भाडं. मॅडमनी त्यावर काही न विचारता सही केली.