घर कोणाचे? : 'डॉग सोल्जर्स' या चित्रपटातील वेढ्याचा विचार

भयपटांची गणना गंभीर समीक्षेच्या विषयांत करण्याची प्रथा विद्यापीठीय वर्तुळात फारशी रूढ नाही. त्यातही पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, या युरोपीय लोकसमजुतीवर उभारलेला चित्रपट म्हटला की, अभ्यासकाने सहजच पाठ फिरवावी. परंतु नील मार्शल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'डॉग सोल्जर्स' (२००२) हा पहिलाच चित्रपट असा आहे की, त्याच्या रंजकतेखाली दडलेला प्रश्न त्याच्या कर्त्यालाही कदाचित पुरता पेललेला नाही. आणि नेमक्या याच कारणाने तो विचारात घेण्याजोगा ठरतो.

कथानक थोडक्यात असे. ब्रिटिश सैन्यातील सहा शिपायांची एक तुकडी सराव-मोहिमेसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ अरण्यात उतरते. ज्या विशेष दलाशी तिने लुटुपुटीची लढाई करावयाची, त्या दलाचा तळ तिला छिन्नविच्छिन्न अवस्थेत आढळतो. कॅप्टन रायन हा एकच जखमी अधिकारी तेथे जिवंत असतो. वृकमानवांनी पाठलाग केलेल्या या तुकडीला मेगन नावाची प्राणिशास्त्रज्ञ स्त्री आपल्या मोटारीतून एका एकाकी शेतघरात आणते. चुलीवर अन्न आहे, कुत्रा आहे, पण घरची माणसे मात्र नाहीत. खिडक्यांना फळ्या ठोकून शिपाई रात्र काढू पाहतात आणि येथून वेढ्याची कथा सुरू होते.

या प्रकारच्या चित्रपटांचा एक ठरलेला संकेत आहे. 'द वुल्फ मॅन' (१९४१) पासून 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) पर्यंत रूपांतराचा प्रसंग, म्हणजे मनुष्यदेहाचे पशुदेहात होणारे संक्रमण, हाच प्रेक्षणीयतेचा केंद्रबिंदू मानला गेला. मार्शलने हा संकेत बाजूस सारला आहे. त्याच्या चित्रपटातील रूपांतरे बव्हंशी दृष्टीआड घडतात. संगणकनिर्मित चित्रांऐवजी त्याने नटांना पोशाख चढविले आणि ते पोशाखही अंधार, धूर व तुटक संकलन यांच्या आडून दाखविले. तुटपुंज्या खर्चाचा हा परिणाम आहे, असे म्हणता येईल. तथापि त्यामुळे एक गोष्ट साधली : माणूस पशू कसा होतो, हा प्रश्न मागे पडून कोण कोणत्या बाजूस उभा आहे, हा प्रश्न पुढे आला.

रसदृष्ट्याही हा चित्रपट विलक्षण आहे. भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे. शेकोटीभोवती गप्पा मारीत बसलेल्या शिपायांच्या मध्यभागी अंधारातून गाईचे फाडलेले कलेवर येऊन आदळते, तो प्रसंग या सूत्राचा नमुना म्हणून दाखविता यावा. परंतु पुढे बीभत्साचे नाते बदलते. पोट फाटलेल्या सार्जंट वेल्सची आतडी आत सारून जखम घरगुती डिंकाने चिकटविली जाते. गुंगीचे औषध नाही म्हणून त्याला मद्य पाजतात आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून कूपर त्याला ठोसा मारून बेशुद्ध करतो. येथे बीभत्स भयाकडे न जाता हास्याकडे वळतो, आणि त्या हास्यातून जो शिल्लक राहतो तो वत्सलभाव. शिपाई व सार्जंट यांच्यामधील जिव्हाळा शब्दांनी सांगावा लागत नाही, हे या प्रसंगाचे यश होय. भरताच्या व्यवस्थेत भयानक हा नीच प्रकृतीचा आणि वीर हा उत्तम प्रकृतीचा. येथे मात्र तीच साधी, शिवराळ, फुटबॉलच्या सामन्याला मुकल्याची हळहळ करणारी माणसे एकाच वेळी दोन्ही रसांचे आश्रय होतात.

खरा उत्तम अधिकारी म्हणून जो मिरवितो तो रायन. त्याची ओळख चित्रपटाच्या प्रारंभीच, वेल्समधील एका निवड-परीक्षेत होते. कूपर त्या विशेष दलात प्रवेश मिळवू पाहत आहे. रायन त्याला एका कुत्र्यावर गोळी झाडण्याची आज्ञा देतो. कारण नसता कुत्र्याला मारण्यास कूपर नकार देतो. रायन स्वतः त्या मुक्या प्राण्याला ठार करतो आणि कूपर अपात्र ठरतो. लेखकाने पुढील सर्व घटनांची किल्ली या छोट्या प्रसंगात ठेवली आहे. सराव-मोहीम हे ढोंग होते. रायनला एक वृकमानव जिवंत पकडावयाचा होता आणि वेल्सची तुकडी हे त्याचे आमिष होते, हे जेव्हा उघड होते, तेव्हा त्या कुत्र्याची जागा आता शिपायांनी घेतली आहे, हे ध्यानात येते. ज्या सत्तेने त्यांना वनात पाठविले, तिच्या हिशेबी त्यांच्या जिवाचे मोल कुत्र्याहून अधिक नव्हते. शीर्षकातील 'डॉग सोल्जर्स' हे शब्द मुळात अमेरिकेतील शायान जमातीच्या एका योद्धासंघाचे नाव म्हणून ओळखले जातात. येथे त्यांना आज्ञाधारकतेचा हा कडवट अर्थ येऊन चिकटतो.

येथवर चित्रपट आपल्या आशयावर पक्का आहे. त्याची खरी कसोटी वेढ्याच्या कल्पनेत लागते. स्पून नावाचा शिपाई वेढ्यात सापडल्याच्या आनंदात रोर्क्स ड्रिफ्टचे स्मरण करतो. २२ व २३ जानेवारी १८७९ रोजी सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांविरुद्ध एक मिशन-ठाणे राखले. त्यांपैकी अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि साय एन्डफील्डच्या 'झुलू' (१९६४) या चित्रपटाने ती कथा ब्रिटनमध्ये घरोघरी नेली. वेढलेल्या मूठभरांचे शौर्य हा साम्राज्याच्या आत्मप्रतिमेचा एक लाडका साचा आहे. या साच्यात आक्रमक कोण, हा प्रश्न सोयीने गळून पडतो. ते ठाणे नाताळच्या हद्दीत होते हे खरे. परंतु ते झुलूंच्या देशावर चालून गेलेल्या फौजेचे ठाणे होते, हेही तितकेच खरे.

'डॉग सोल्जर्स' हा साचा जसाच्या तसा उचलतो आणि मग त्याला सुरुंग लावतो. बाहेरून चाल करणारे लांडगे हे त्या घराचे मालक आहेत. जेवण त्यांचे, कुत्रा त्यांचा, भिंतीवरची छायाचित्रे त्यांची. ज्यांनी दारे अडविली आणि खिडक्यांना फळ्या ठोकल्या, ते शिपाईच परक्याच्या घरात घुसलेले आहेत. मेगन ही त्याच कुटुंबातली. तिच्याच सांगण्यावरून शिपाई जे कोठार उडवून देतात, ते रिकामे निघते. आणि लांडगे घरात होतेच, आपण केवळ दार उघडले, अशा अर्थाचे ती शेवटी जे बोलते, त्या एका वाक्यात वेढ्याची आतली व बाहेरची बाजू एकमेकींत मिसळून जाते. ब्रिटनमधून लांडगा शिकारीने नाहीसा केला गेला, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती ज्याला ठाऊक आहे, त्याला स्कॉटलंडच्या अरण्यातील या अखेरच्या कुटुंबाच्या क्रौर्यामागे आणखीही काही ऐकू येईल. चित्रपटाचे चित्रीकरण बहुतांशी लक्झेंबुर्गमध्ये झाले, हा योगायोग या अर्थाला बाधक ठरत नाही.

परंतु एवढा मोठा उलगडा करून लेखक-दिग्दर्शक त्यापासून ताबडतोब दूर पळतो. मेगनच्या तोंडी त्याने स्त्रीजातीविषयीचा एक हलका विनोद घातला आहे आणि पुढच्याच क्षणी सार्जंटच्या गोळीने तिचा अंत केला आहे. दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी असलेली ही एकमेव व्यक्ती. शिपायांना मोटारीत घेताना, जखमीची शुश्रूषा करताना तिच्या मनात काय चालले होते, हे जाणण्याची प्रेक्षकाची उत्सुकता रास्तच म्हटली पाहिजे. तिला पाच मिनिटे अधिक मिळाली असती, तर हा चित्रपट आपल्या प्रकाराच्या मर्यादा ओलांडून गेला असता. रायनला मात्र त्याच्या दुष्टपणाचा खुलासा करण्यास भरपूर अवकाश मिळाला आहे, जरी त्याची गरज कमी होती. दोष एका पात्रापुरता नाही. अधिकाऱ्याच्या विश्वासघाताचा विचार लेखकाने धिटाईने केला. परंतु शिपायाने आपण कोणाच्या दारात उभे आहोत असे स्वतःला विचारावे, हे त्याला मानवले नाही. शिपायांवरील त्याचे प्रेम त्याच्या आड आले.

त्या प्रेमाचे सामर्थ्य शेवटात पुन्हा दिसते. जखमेमुळे स्वतःच लांडगा होऊ लागलेला वेल्स कूपरच्या हाती छायाचित्रांची फीत देतो, त्याला तळघरात उतरावयास लावतो आणि घरात वायू सोडून स्वतःसकट सारे घर उडवून देतो. तळघरात कूपरची गाठ लांडगा झालेल्या रायनशी पडते. तेव्हा त्याच्या साहाय्यास धावतो तो त्या घरचा कुत्रा. आणि आरंभीच्या प्रसंगात एका प्रेयसीने भेट दिलेली, लखोटे फोडण्याची चांदीची सुरी कूपरच्या हाती येते. ज्याने कुत्र्याला मारण्यास नकार दिला, त्याला कुत्र्याने वाचवावे, ही योजना काहीशी ठोकळेबाज वाटते. तरी सुरीपेक्षा ती अधिक पटते, कारण सुरी केवळ कथानकाच्या सोयीची आहे.

पहाटे कूपर व कुत्रा जळक्या घरातून बाहेर पडतात. त्यानंतर पडद्यावर वृत्तपत्राचे एक पान येते. त्या रात्रीची हकीकत त्यावर लांडग्यांनी तुकडी खाल्ल्याच्या सवंग मथळ्यानिशी छापलेली आहे, आणि तिच्याच शेजारी इंग्लंडने जर्मनीवर पाच विरुद्ध एक असा विजय मिळविल्याची बातमी आहे. मेलेले शिपाई ज्याला मुकले होते, तोच हा सामना.